हवालदार सरांचा साकव

मी शाळेत रुजू झाले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि भूमिती मला फक्त फळ्यावर येत होती. अर्थात हे तेव्हा मला माहीत नव्हतं. रत्नागिरी शहरात वाढलेली, नुकतीच बी.एड. झालेली मी सकाळच्या एसटीनं पावसला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात उतरायची आणि घाटीची दगडी पायवाट चढून शाळेत जायची. शाळा वरती कातळावर होती. जांभ्या चिऱ्याच्या चार खोल्या आणि त्यांना लागून एक लांब पत्र्याची पडवी. त्या पडवीत कार्यानुभवाचे तास व्हायचे. ते घेणारे सर पन्नाशीचे होते. गावातले लोक त्यांना हवालदार म्हणत, मुलं हवालदार सर म्हणत, आणि शाळेच्या हजेरीपत्रकाशिवाय त्यांचं खरं नाव कुठं वापरात नव्हतं.

त्यांचे वडील गवंडी होते. सर अठराव्या वर्षी लष्करात गेले आणि बावीस वर्षं रस्ते नि पूल बांधणाऱ्या तुकडीत राहिले. परत आले ते डाव्या कानानं बहिरे होऊन. गावात आल्यावर त्यांनी वडिलांची थापी हातात घेतली आणि तीन गवंड्यांना जोडीला घेऊन घरं बांधायला लागले. शाळेची कुंपणाची भिंतही त्यांनीच बांधली. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी पाहिलं की मधल्या सुट्टीत मुलं खेळायचं सोडून भिंतीजवळ उभी राहतात आणि हा माणूस काम न थांबवता त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतो. मुख्याध्यापकांनी बरीच खटपट करून त्यांना शाळेत घेतलं. तेव्हापासून त्यांचा दिवस शाळेत जायचा आणि सुट्ट्या कुणाच्या ना कुणाच्या घराच्या पायावर.

मला त्यांची पहिली खरी ओळख झाली ती आमच्याच घरी. माझ्या वडिलांनी मागच्या अंगणात स्वयंपाकघर वाढवायचं ठरवलं होतं. मी सरांना विचारलं, ते एका रविवारी आले. वडील जागा दाखवायला लागले, तर सर म्हणाले, "वहिनींना बोलवा जरा."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. सरांनी तिला मोकळ्या अंगणात उभं केलं.

"समजा, चूल इथं आहे. भाकरी थापताना तुम्हाला उजेड कुठल्या बाजूनं लागतो?"

आई गोंधळली. वडिलांकडे बघायला लागली. सर तिच्या उत्तरासाठी थांबले. शेवटी ती हळूच म्हणाली, "डावीकडनं आला तर बरं. आत्ता माझीच सावली परातीत पडते."

त्यांनी खडूनं जमिनीवर खिडकी आखली. मग आईला हात कोपरात वाकवायला लावून ओट्याची उंची ठरवली, कोपराच्या चार बोटं खाली. माझी आई ठेंगणी होती. तोपर्यंतच्या सगळ्या संसारात ती पायाखाली पाट घेऊन उभी राहत आली होती आणि आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. सर गेल्यावर ती म्हणाली, "मला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं गो." ओटा झाला त्या दिवशी तिनं त्यांच्यासाठी नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या केल्या.

शाळेत मात्र मी त्यांच्यापासून थोडी लांबच असायची. गणित शिकवणारी मी आणि रंधा मारायला शिकवणारे ते, असा एक मूर्ख गर्व माझ्यात होता. तो उतरायला एक मुलगी कारण झाली.

आठवीत होती ती. गणितात माझ्या वर्गात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. जुलै उजाडला आणि ती यायची थांबली. तिच्या वाडीतली बाकीची मुलंही थांबली. मी शिक्षकांच्या खोलीत चिडून म्हटलं, "आईबापांना पोरींच्या शिक्षणाची काही किंमतच नाही." सर कोपऱ्यात चहा पीत होते. कप ठेवून म्हणाले, "बाई, शाळा सुटल्यावर जरा माझ्याबरोबर येता का?"

छत्र्या घेऊन आम्ही घाटी उतरलो. गावाच्या पलीकडे एक पऱ्या होता. उन्हाळ्यात त्यात घोटाभर पाणी असायचं, म्हणून त्याला ओढा म्हणायलाही मी तयार झाले नसते. त्या दिवशी मात्र लालभडक पाणी काठाला घासत चाललं होतं. त्याच्या पलीकडे ती वाडी. वाडीतले लोक दरवर्षी साकव म्हणून माडाची दोन खोडं आडवी टाकत आणि पऱ्या दरवर्षी ती घेऊन जात असे. त्या वर्षीची गेली होती. पलीकडच्या काठावर ती मुलगी गुरांसाठी गवताचा भारा घेऊन चालली होती. मला पाहून थांबली. पाण्याच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. तिनं डोक्यावरचा भारा एका हातानं सावरला आणि दुसऱ्या हाताची पाच बोटं आणि मग आणखी दोन बोटं दाखवली. मला कळेना. सर म्हणाले, "सातवं प्रकरण म्हणत असेल. घरी करत असेल बिचारी."

सर बराच वेळ पाण्याकडे बघत उभे होते. कुठं लाट उठते, कुठं भोवरा धरतो, ते बोटानं स्वतःशीच दाखवत होते. परत येताना म्हणाले, "इथं साकव हवा. चिऱ्याचा, कमानीचा."

दिवाळीनंतर त्यांनी कामाला हात घातला. पंचायतीकडून परवानगी आणली, गावातल्या एका चिरेखाणवाल्यानं चिरा द्यायचं कबूल केलं, सिमेंट परमिटवर मिळायचं ते थोडंथोडं जमवलं. आणि एके दिवशी ते माझ्या नववीच्या तासाला दारात येऊन उभे राहिले.

"बाई, एक अडचण होती. दोन काठांवरच्या भिंतींमधलं अंतर सोळा फूट. कमान मधोमध चार फूट उंच हवी. तर कमान आखायला दोरी किती लांबीची घेऊ?"

मी दोन वर्षं वर्तुळाची जीवा शिकवत होते. हे उदाहरण पुस्तकात आलं असतं तर मी डोळे मिटून सोडवलं असतं. पण दोरी म्हटल्यावर माझं डोकं क्षणभर चालेना. मग फळ्याकडे वळून वर्तुळ काढलं, जीवेचा अर्धा भाग आठ, उंची चार, आणि उत्तर आलं दहा. दहा फूट.

"चला तर, बघू बरोबर येतं का," सर म्हणाले.

सगळा वर्ग मैदानात गेला. खुंटी ठोकली, दहा फुटांची दोरी बांधली, दोरीच्या टोकाला खडू. एका मुलीनं दोरी ताणून धरत कातळावर कमान ओढली. सरांनी टेप लावली. दोन टोकांमध्ये सोळा फूट, मध्ये चार. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कातळावरच्या त्या पांढऱ्या रेषेकडे मी बघत राहिले. इतक्या वर्षांत मी काढलेलं हे पहिलं वर्तुळ, ज्यावर कुणीतरी चालणार होतं. सरांना दोरीची लांबी आधीच ठाऊक होती, हे मला खूप नंतर कळलं. बावीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं?

जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. पलीकडच्या वाडीतले जवळजवळ सगळे पुरुष गिरणीत होते. आठ-पंधरा दिवसांत मिटेल म्हणून ते तिथंच थांबले, मग एकेक करून गावी आले. शिमग्याला येतात तसे नाही. शिमग्याला येणारा माणूस नवा शर्ट घालून, पेटी घेऊन येतो. हे मुकाट्यानं आले आणि पडवीत बसून राहिले. घरात बायकांनी शेती-गुरांचं सगळं बसवलेलं होतं. त्यात या माणसांना जागा नव्हती. दुपारी वाडीतून गेलं की प्रत्येक पडवीत एक माणूस बसलेला दिसायचा.

सर तिथं गेले, मी बरोबर होते. त्यांनी उपदेश केला नाही, संपाविषयी चकार शब्द काढला नाही. नुसतं म्हणाले, "साकवाला माणसं कमी पडतात."

त्यांच्यातले एक, अठरा वर्षं साच्यावर म्हणजे मागावर काढलेले वयस्क गृहस्थ, कसनुसं हसले. "हवालदार, आमी साच्यावरची माणसं. दगडातलं आमाला काय कळतंय?"

"साच्यावर हजार धाग्यांतला एक तुटला तर कळतो ना?"

"तो तर डोळे मिटून कळंल."

"मग भिंत ओळंब्यातनं सुटलेलीही कळेल. उद्या या."

दुसऱ्या दिवशी अकरा जण आले. सरांनी त्यांना मजूर म्हणून वागवलं नाही. पहिले चार दिवस त्यांनी कुणालाही चिरा उचलू दिला नाही. फक्त तासायला शिकवलं. कोन चुकला की चिरा बाजूला ठेवायचे, माणसाला बोलायचे नाहीत. संध्याकाळी त्या बाजूला ठेवलेल्या चिऱ्यांपाशी सगळ्यांना घेऊन बसत आणि विचारत, "हा का बसणार नाही, सांगा." मी शाळा सुटल्यावर तिथं जाऊन उभी राहायची. शिकवणं कशाला म्हणतात ते मी बी.एड.च्या वर्गात नव्हे, त्या पऱ्याच्या काठावर पाहिलं.

मार्चच्या शेवटी दोन्ही काठांच्या भिंती कमरेच्या वर आल्या होत्या. एका दुपारी त्या वयस्क गृहस्थांनी पलीकडच्या भिंतीला ओळंबा लावला आणि तसेच उभे राहिले. मग सरांना हाक मारली. भिंत अर्धं बोट कलली होती.

सरांनी पहार घेतली, पायथ्याशी एका बाजूनं उकरलं, पाहिलं आणि उठून उभे राहिले. वरचा कातळाचा थर पातळ होता. खाली भुसभुशीत पांढरी माती.

शाळा समितीचे अध्यक्ष तिथं आले होते. ते म्हणाले, "अर्ध्या बोटाचा फरक, हवालदार. वरनं सिमेंट मारलं की कुणाला दिसतोय?"

"लोकांना नाही दिसायचा," सर म्हणाले. "पाण्याला दिसेल."

त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. मी, अकरा कामगार, अध्यक्ष, शिवाय शाळेतली काही मुलं होती. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "ही चूक माझी आहे. पाया खणला तेव्हा पहार आपटून आवाज ऐकायचा असतो. पोकळ लागला तर खाली माती. मी आपटली, पण मला या कानानं नीट आलं नाही. दुसऱ्या कुणाला ऐकायला सांगायला हवं होतं. मला लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. तुमची दीड महिन्याची मेहनत माझ्या लाजेपायी गेली."

सर स्वतःच वर चढले आणि वरचा पहिला चिरा काढून खाली दिला. तो घ्यायला त्या वयस्क गृहस्थांनी हात पुढे केले. मग बाकीचे आले. ती भिंत पाडायला दोन दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही शाळेकडे परतत होतो. मी त्यांच्या उजव्या बाजूनं चालत होते. तशी सवयच लागली होती. मी म्हटलं, "सर, तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाटलं ना. पण पाडायची मला सवय आहे."

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. लढाईच्या गोष्टी सांगा म्हणून मुलं मागे लागत, तेव्हा ते खेचरांच्या आणि थंडीच्या गमती सांगून वेळ मारून नेत. मला त्यांनी सांगितलं की सरहद्दीवर एका नदीवर त्यांच्या तुकडीनं पूल बांधला होता. पलीकडच्या गावातले लोक त्यावरून बाजाराला यायला लागले होते. एक म्हातारी रोज जाताना पुलाच्या कठड्याला हात लावून नमस्कार करायची. मग माघार घ्यायचा हुकूम आला आणि तो पूल उडवायचं काम त्यांच्याच हाती आलं.

"ते लोक पलीकडच्या काठावर उभे राहून बघत होते," सर म्हणाले. "आम्ही त्यांना काही सांगू शकत नव्हतो. कान तेव्हा गेला. हुकूम बरोबर होता बाई, त्यात माझी तक्रार नाही. पण तेव्हापासून मनात होतं, की एक पूल असा बांधायचा जो कुणालाच पाडावा लागणार नाही."

त्यांच्या घरी हे फक्त त्यांच्या पत्नीला, वहिनींना माहीत होतं, असं नंतर समजलं.

नवा पाया पाच फूट आणखी खोल गेला. या वेळी पहार सर आपटत आणि कान लावायला ते गिरणीवाले असत. एप्रिलमध्ये भिंत उभी राहिली, मेच्या मध्यावर माडाच्या खोडांच्या ढाच्यावर कमान चढू लागली. वाडीतल्या बायका दुपारी पन्ह्याची कळशी पाठवू लागल्या. तोवर पडवीत कुणी बसलेलं दिसत नव्हतं.

मे संपता संपता ढाचा काढायचा दिवस आला. खोडांखाली लाकडी पाचरी होत्या; त्या एकेक ठोकून सैल केल्या की ढाचा खाली बसणार आणि कमान स्वतःच्या बळावर उभी राहणार, किंवा राहणार नाही. दोन्ही काठांवर गाव जमलं होतं. वहिनीही आल्या होत्या. सरांनी शर्टच्या बाह्या दुमडल्या आणि पऱ्यात उतरून बरोबर कमानीखाली जाऊन उभे राहिले.

वाडीतले लोक गडबडले. "हवालदार, बाहेर या. आमी काढतो पाचरी."

"बांधणाऱ्यानं खाली उभं राहायचं असतं," सर म्हणाले. "आमच्या तुकडीत तशी रीत होती." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दोरी तुमची होती बाई. यायचं असलं तर या. नाही आलात तरी चालेल."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "जा. त्याना विचार केल्याशिवाय बोलायची सवय न्हाय."

मी चपला काढल्या आणि उतरले. पाणी घोट्यापर्यंत होतं, गार. डोक्यावर चिऱ्यांची कमान आणि तिच्याखाली खोडं. दोघा कामगारांनी हातोडे घेतले. ठक, ठक. पहिली पाचर निघाली, दुसरी निघाली. शेवटच्या पाचरीला ढाचा हातभर खाली बसला, वरून थोडी लाल भुकटी माझ्या केसांत पडली, आणि मग काहीच झालं नाही. कमान तिथंच होती.

सरांनी उजवा कान माझ्याकडे केला. "आवाज आला का काही?"

"नाही सर."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी खोडांमधून हात वर करून कमानीच्या मधल्या चिऱ्याला तळवा लावला. बराच वेळ लावून ठेवला. त्यांचे डोळे भरलेले मी तेव्हा पाहिले. पुन्हा कधी पाहिले नाहीत.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये पऱ्या असा चढला की कमानीखाली हात घालायला जागा नव्हती. दोन दिवस एसटी बंद होती. तिसऱ्या दिवशी मी शाळेत पोचले तेव्हा पलीकडच्या वाडीतली सगळी मुलं बाकावर बसलेली होती, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. ती मुलगी पहिल्या रांगेत होती. तिनं पुढं दहावीला गणितात शाळेत पहिला नंबर काढला आणि डी.एड. करून शिक्षिका झाली. पण त्या दिवशी सरांनी वर्गात डोकावलं ते फक्त एवढं विचारायला, "पाय धुवायला पाणी ठेवलंय का कुणी?"

गिरण्यांचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. अकरांपैकी काही जण मुंबईला परत गेले, काहींना काम मिळालं, काहींना नाही. पाच जण गावातच राहिले आणि गवंडी झाले. ते वयस्क गृहस्थ त्यांचे मुकादम. सरांनी आपली कामं हळूहळू त्यांच्याकडे सोपवली. एखाद्या घरमालकानं येऊन "हवालदार, तुम्हीच बांधा" म्हटलं, तर ते त्याला मुकादमांकडे पाठवत आणि म्हणत, "मला एका कानानं ऐकू येतं. त्यांना दोन्हींनी येतं." त्या पाच जणांनी पंचक्रोशीत बांधलेल्या घरांत स्वयंपाकघराची खिडकी कुठं हवी ते घरातल्या बाईला विचारूनच ठरत असे. ती रीत कुठून आली हे त्यांच्यातल्या कुणाला सांगावं लागलं नाही.

माझ्या शिकवण्यातही फरक पडला. मी वर्ग मैदानात न्यायला लागले. माडाची सावली मोजून त्याची उंची काढायची, विहिरीचा घेर दोरीनं मोजायचा. सर कधी कधी पडवीच्या दारात उभे राहून बघत आणि एखादा भलताच प्रश्न टाकून जात, ज्याचं उत्तर शोधायला मला घरी पुस्तकं उघडावी लागत. माझं लग्न ठरलं तेव्हा ते आमच्या घरी आले, होणाऱ्या नवऱ्याशी तासभर बोलले, आणि जाताना मला म्हणाले, "माणूस ऐकून घेतो. पुष्कळ झालं."

निवृत्त होऊन त्यांना जेमतेम दोन वर्षं झाली होती. छातीचं दुखणं होतं, ते त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. एका सकाळी वहिनींनी चहा नेला तर ते खुर्चीतच गेलेले होते. निरोप शाळेत आला तेव्हा प्रार्थना नुकतीच संपली होती. मुलगा दूर नोकरीला, तो यायला संध्याकाळ होणार होती. समितीनं शाळा सोडून द्यायचं ठरवलं. मी मुख्याध्यापकांबरोबर घरी गेले. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आज शाळा लवकर सोडून देतोय म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "पोरं एवढी चालून आलेली. तास होऊं देत. मग या सगळी."

म्हणून त्या दिवशी शाळा चालू राहिली. तिसरा तास माझा, नववीचा. मी वर्गात गेले, फळा पुसला आणि खडू हातात धरून उभी राहिले. काय शिकवायचं होतं ते मला ठाऊक होतं, पण मी नुसती तारीखच लिहीत आणि पुसत राहिले. थोड्या वेळानं मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, कालचं उदाहरण अर्धं राहिलंय. मी पुढं करू?"

मी त्याच्या हातात खडू दिला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. त्यानं ते उदाहरण सोडवलं. मग दुसरी मुलगी उठली. तास संपेपर्यंत ती मुलंच एकमेकांना शिकवत होती, आणि चार वाजता आम्ही सगळे मिळून त्यांच्या घरी गेलो.